चिमणीच्या धुरातून फॉर्मिक ॲसिड: रबाळ्याच्या प्रोसेस हाऊसला जमेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रबाळे एमआयडीसीत तुमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे, सुती आणि नायलॉन दोन्ही रंगवता. दोन टनी बॉयलर, रोजचा साधारण १,५०० घनमीटर पाइप गॅस. छतावर १५० किलोवॉट सोलर बसवून वर्ष झालं. नायलॉनच्या डायबाथसाठी, म्हणजे रंगाच्या पाण्यासाठी, रोज ४० किलो फॉर्मिक ॲसिड लागतं, ८५ टक्क्यांचं. आणि तुम्ही कुठेतरी वाचलंत की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून विजेवर फॉर्मिक ॲसिड बनवता येतं. मग धूर आपला, ऊन आपलं, तर ॲसिड विकत कशाला घ्यायचं? शिवाय एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, की ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, रोज १२० किलो सल्फ्युरिक ॲसिड ओतावं लागतं. त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण मला तुमच्या सगळ्या प्रश्नात तेच सगळ्यात कामाचं वाटलं.

माझी निम्मी नोकरी क्लोर-अल्कलीत गेली, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक आणि क्लोरीन काढण्यात. नंतर महापेला एका शेडमध्ये नेमकं तुम्ही विचारताय तेच, छोट्या प्रमाणावर, दोन वर्षं करून पाहिलं. त्यामुळे हे उत्तर थोडं पुस्तकी आहे आणि थोडं हात पोळलेल्या माणसाचं आहे.

आधी शंका नको म्हणून सांगतो: रसायनशास्त्र खरं आहे, यात बुवाबाजी नाही. जपानमधल्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास दाखवून दिलं की कॅथोडला, म्हणजे विजेच्या ऋण टोकाला, कुठला धातू लावता त्यावर काय बनणार ते ठरतं. कथील, शिसं, बिस्मथ, इंडियम लावलं की फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक ॲसिडचाच क्षार. चांदी-सोनं लावलं की कार्बन मोनॉक्साइड. तांबं लावलं तर मिथेन, इथिलीन, अल्कोहोल अशी सगळी भेळ. आणि लोखंड, निकेल, प्लॅटिनम लावलं तर जवळपास नुसता हायड्रोजन, कारण तिथे पाणीच आधी फुटतं. तुम्हाला फॉर्मिक हवं, म्हणजे तुम्ही नशीबवान, कारण यादीतली ती सोप्यातली सोपी वस्तू आहे. एका रेणूला दोनच इलेक्ट्रॉन लागतात. इथिलीनला बारा लागतात.

आता हिशोब. एक किलो फॉर्मिक ॲसिडला फॅरेडेच्या नियमाने १,१६५ अँपिअर-तास लागतात, यात कुणाला सूट नाही. ज्या डब्यात हे सगळं घडतं तो सेल. त्याचा व्होल्टेज कागदावर किमान १.४ च्या आसपास असतो, पण बरा करंट हवा असेल तर प्रत्यक्षात साडेतीन धरा. दहा टक्के करंट हायड्रोजनमध्ये वाया गेला असं समजा. एका किलोला साडेचार युनिट वीज लागली.

तुमच्या ४० किलोत शुद्ध ॲसिड ३४ किलो. म्हणजे रोज १५३ युनिट. तुमचं १५० किलोवॉटचं छत वर्षभराच्या सरासरीने रोज ६०० युनिट देत असेल. म्हणजे वीज पुरून उरते! युनिट ९ रुपयांचं धरलं तरी पंधराशेच्या आत काम झालं. ॲसिडच्या बिलाशी ताडून बघा, तुम्हाला हे गणित हसत-खेळत सुटल्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं. घोडं अडतं ते विजेच्या आधी आणि विजेच्या नंतर, सेलच्या दोन्ही बाजूंना.

धुराची बाजू बघू. तुमच्या चिमणीतून रोज २.९ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, पण तो एकटा जात नाही. गॅसवरच्या बॉयलरच्या धुरात तो आठ-दहा टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन, वाफ, आणि तीनेक टक्के उरलेला ऑक्सिजन. हा तीन टक्के ऑक्सिजन दिसायला किरकोळ, पण कॅथोडवर तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी आधी करंट खातो, आणि एका रेणूला चार इलेक्ट्रॉन खातो. नऊ टक्क्यांना दोन म्हणजे अठरा, तीन टक्क्यांना चार म्हणजे बारा. तिसातले बारा, म्हणजे चाळीस टक्के करंट पंगतीत न बोलावलेल्या पाहुण्याने उचलला. आम्ही एकदा हौसेने बॉयलरचा धूर थेट सेलला जोडला होता. दुपारपर्यंत फॉर्मेट जवळपास दिसेनासं झालं आणि आम्ही मुकाट्याने पुन्हा सिलिंडर लावला.

म्हणजे धुरातून कार्बन डायऑक्साइड आधी वेगळा करावा लागतो. रुळलेली पद्धत अमाइनची, म्हणजे हा वायू धरून ठेवणाऱ्या रसायनाची: धूर अमाइनच्या पाण्यातून धुवायचा, मग ते पाणी वाफेने तापवून शुद्ध वायू सोडवून घ्यायचा. एक टन वायूला दीड-पावणेदोन टन स्टीम लागते. ती स्टीम कुठून येणार? त्याच बॉयलरमधून, त्याच गॅसवर. एक टन पकडायला तुम्ही पाव टन नवीन सोडता. शिवाय रोज ३३ किलोसाठी (३४ किलो ॲसिडला तेवढाच लागतो) अमाइनचा टॉवर उभा करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी तुमच्या जागी असतो तर सिलिंडर विकत घेतला असता. पण मग ‘आपला धूर’ ही गंमतच संपली.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल बातम्यांत कधीच नसतं. सेलमधून साधारणपणे ॲसिड बाहेर येत नाही, पोटॅशियम फॉर्मेटचं पातळ पाणी येतं. कारण सेल चालायला अल्कली किंवा बायकार्बोनेट लागतं, आणि बनलेलं ॲसिड लगेच त्याच्याशी जमतं. त्याचं पुन्हा ॲसिड करायचं तर वरून सल्फ्युरिक घालावं लागतं. एक किलो फॉर्मिकला एक किलोहून थोडं जास्तच. तुमच्या ३४ किलोसाठी रोज ३६ किलो सल्फ्युरिक आणि तितकंच, किंबहुना थोडं जास्त, कॉस्टिक पोटॅश विकत घ्यायचं, आणि ६४ किलो पोटॅशियम सल्फेट ईटीपीत ढकलायचं. टीडीएसवरून, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांवरून, तुम्हाला आधीच नोटीस येत असेल तर पुढचं सांगायला नको.

याला उपाय आहे. तीन कप्प्यांचे सेल असतात, ज्यांत मधल्या कप्प्यात थेट ॲसिड जमतं. ते पातळ मिळतं आणि पाण्यापासून सरळ ऊर्ध्वपातनाने पूर्ण वेगळंही होत नाही, कारण ७७ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि ॲसिड एकत्रच उकळतात. पण तुम्हाला डायबाथमध्ये पातळच घालायचंय. विकणाऱ्याला जी अडचण, ती तुम्हाला नाही. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे आणि तो मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर म्हणाल की म्हातारा नुसतं विरजण घालतोय.

मग त्या सेलचं काय होतं? आमचा सेल १०० चौरस सेंटिमीटरचा होता, तळहातापेक्षा थोडा मोठा. त्यातून पंधरा अँपिअर जायचे आणि तासाला अकरा ग्रॅम फॉर्मेट निघायचं, म्हणजे दोनेक चमचे. साधं पाणी वापरलं तर तेही निघत नाही, कारण पाण्यात हा वायू लिटरला दीडच ग्रॅम विरघळतो. म्हणून गॅस डिफ्यूजन इलेक्ट्रोड लागतो: एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला द्रव, मध्ये कार्बनचा सच्छिद्र कागद आणि त्यावर धातूची पूड. पहिल्या दिवशी आकडे इतके छान आले की आम्ही पेढे वाटले. चौथ्या-पाचव्या दिवशी वायूचा दाब चढायला लागला, मग हायड्रोजन वाढला. सेल उघडला तर कागदाच्या मागे पांढरा थर. आमचा हेल्पर म्हणाला, ‘साहेब, हा तर पापडखार.’ फार चुकला नव्हता. वायू अल्कलीशी जमून पोटॅशियम बायकार्बोनेट झालं होतं आणि त्याने सगळी छिद्रं बुजवली होती. सेलमध्ये घातलेल्या वायूचा मोठा हिस्सा फॉर्मेट न होता असाच कार्बोनेटमध्ये अडकतो. धुवा, पुन्हा लावा, पुन्हा पापडखार. त्यात पाण्यातलं लोखंड हळूहळू कॅथोडवर बसतं, आणि लोखंड म्हणजे हायड्रोजन हे वर आलंच आहे. क्लोर-अल्कलीत मेंब्रेन, म्हणजे सेलमधला पडदा, वर्षानुवर्षं चालते, कारण ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी, शुद्ध ठेवण्यात सगळी अक्कल खर्च झालेली असते. इथे ती अक्कल अजून जमा होतेय.

हे आमचे अनुभव. आमच्यापेक्षा चांगले सेल आज आहेत आणि उद्या आणखी चांगले येतील. इलेक्ट्रोडचं आयुष्य, मेंब्रेन कोणती, वायू किती शुद्ध, यावर सगळं बदलतं. पण एक गोष्ट सेलच्या प्रगतीवर अवलंबून नाही, आणि खरं उत्तर तिच्यात आहे.

ती म्हणजे: तुमच्या छतावरची वीज मोकळी आहे का?

नाही. ते ६०० युनिट आज तुमच्या जिगर, स्टेंटर आणि ब्लोअरच्या मोटरी खातात. त्यातले १५३ सेलकडे वळवले की मोटरींसाठी तेवढेच महावितरणकडून जास्तीचे घ्यावे लागतील. म्हणजे कागदावर सेल सोलरवर, प्रत्यक्षात कोळशावर. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक किलो फॉर्मिकला साडेचार युनिट, म्हणजे तीन किलोहून जास्त सुटला, आणि ॲसिडात अडकला एक किलोसुद्धा नाही. तोही किती दिवस? डायबाथमधून ईटीपीत गेला की तिथले जिवाणू फॉर्मेट खाऊन त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइडच करतात.

कुणी म्हणेल, पण बाजारातलं ॲसिड मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून बनतं, त्याचाही धूर असतोच, तो टळला. बरोबर आहे, आणि खरी बचत तीच. ती किती हे त्या कारखान्याच्या इंधनावर अवलंबून. पण तिच्यातून तुमची अमाइनची स्टीम, पोटॅश आणि वरचे तीन किलो वजा करा. फार उदार होऊन हिशोब केला तरी जेमतेम बरोबरी होते. म्हणजे एवढा खटाटोप करून तुम्ही पोहोचता तिथेच, जिथे आज काहीही न करता आहात.

‘वीकली ऑफला तर वीज उरते ना?’ उरते, आणि नेट मीटरने ती ग्रिडमध्ये जाऊन दुसऱ्याचा कोळसा वाचवते. शिवाय असा अधूनमधून चालणारा सेल परवडत नाही. तुमची ३४ किलोची गरज चोवीस तास चालवून भागवायची तर सव्वा चौरस मीटर इलेक्ट्रोड पुरतो. फक्त उन्हाच्या पाच तासांत भागवायची तर सहा चौरस मीटर लागतो. चौपट-पाचपट भांडवल, आणि दिवसातले एकोणीस तास ते झोपलेलं. झोपणंही सुखाचं नसतं: वीज गेली की इलेक्ट्रोड उलटे गंजायला लागतात. आमच्या प्लांटमध्ये शटडाउनला पोलरायझेशन रेक्टिफायर चालू ठेवायचो, थोडा करंट सतत सोडायचा, तो याचसाठी. जुलैत पारसिकच्या डोंगरावर ढग उतरले की काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

मिथेनॉलबद्दलही तुम्ही विचारलंय, ते थोडक्यात. जगात जे मोठ्या प्रमाणावर चालतं ते सेलमधून थेट मिथेनॉल काढून नाही. आधी पाण्यापासून हायड्रोजन, मग नेहमीच्या उत्प्रेरकावर, दाबाखाली, कार्बन डायऑक्साइडशी संयोग. आइसलँडमध्ये स्वार्त्सएंगीला कार्बन रिसायकलिंग इंटरनॅशनलचा वर्षाला ४,००० टनांचा प्लांट उभा राहिला, तिथे भूऔष्णिक वीजही आणि वायूही. त्याच कंपनीच्या तंत्रावर चीनमध्ये आन्यांगला २०२२ मध्ये १,१०,००० टनांचा सुरू झाला. आपल्याकडे एनटीपीसीने विंध्याचलला दिवसाला दहा टनांचा प्रकल्प हाती घेतला. एका किलोला दहा युनिटच्या आसपास वीज लागते. हा तुमच्या प्लॉटवरचा खेळ नाही. इथिलीनचं तर बोलूच नका, किलोला साठ-सत्तर युनिट जातात. आमच्या तरुणपणी याच ठाणे-बेलापूर रोडवर नोसिलचा नॅफ्था क्रॅकर इथिलीन काढायचा. बसमधून जाताना त्याची ज्योत दिसायची. त्या वस्तूशी विजेने स्पर्धा करायची म्हणजे काय, हे ती ज्योत पाहिलेल्याला समजावं लागत नाही.

मग हे तंत्र कुणाच्या कामाचं? जिथे कार्बन डायऑक्साइड आधीच शुद्ध निघतो, उदाहरणार्थ डिस्टिलरीच्या फर्मेंटरमधून किंवा अमोनियाच्या प्लांटमधून. जिथे वीज खरोखर वाया जाते. आणि जिथे हवी ती वस्तू वाहून आणणंच धोक्याचं असतं. कार्बन मोनॉक्साइडचं उदाहरण घ्या: विषारी वायू, सिलिंडरने आणायचा, थोडा लागतो पण महाग पडतो. डेन्मार्कच्या टॉपसोने नेमकं हे हेरून जागेवरच कार्बन मोनॉक्साइड बनवणारा गरम, घन ऑक्साइडचा सेल विकायला काढला. अशा गिऱ्हाइकाने मला विचारलं असतं तर मी उद्याच कामाला लागा म्हटलं असतं.

आता तुमचं सल्फ्युरिक.

सुती माल उकळताना, मर्सराइझ करताना, रिॲक्टिव्ह रंग बसवताना तुम्ही कॉस्टिक आणि सोडा वापरता, म्हणून ईटीपीत येणारं पाणी दहा-अकरा पीएचचं. ते उतरवायला सल्फ्युरिक. पण कार्बन डायऑक्साइड स्वतःच सौम्य ॲसिड आहे! पाण्यात बुडबुडे सोडले की कॉस्टिकचं कार्बोनेट, कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि पीएच आठच्या आसपास येतो. त्याला शुद्ध वायू लागत नाही, नऊ टक्के चालतो, आणि सेलमध्ये छळणारा ऑक्सिजन इथे निरुपद्रवी. विजेचा खर्च ब्लोअरपुरता. एक किलो सल्फ्युरिकच्या जागी साधारण ०.९ किलो वायू, म्हणजे तुमच्या १२० किलोला १०८ किलो. आणि तुमचं अख्खं छत सेलला जुंपलं असतं, एकही मोटर न चालवता, तर दिवसाला १२७ किलो वायू वापरला गेला असता. जवळपास तेवढंच काम एक ब्लोअर आणि एक टाकी करते. कापड उद्योगात ही पद्धत जुनी आहे.

फायदे आणखी दोन. सल्फेट जात नाही, त्यामुळे टीडीएस थोडा कमी; पूर्ण तेवढा नाही, कारण त्याच्या जागी बायकार्बोनेट उरतं. आणि हात चुकून पीएच तीनवर जाण्याची भीती नाही. कितीही धूर सोडला तरी पाणी आंबट होऊन जिवाणू मरत नाहीत. पुढच्या टप्प्यात पाण्याला हवा मारली की पीएच थोडा वर चढतो, म्हणून सल्फ्युरिकचा डोसिंग पंप काढून टाकू नका, फिनिशिंगला राहू द्या. याला कार्बन पकडला असं मात्र ग्राहकाला सांगू नका. बायकार्बोनेटमधला बराचसा वायू पुढे कधीतरी सुटतो. ही ॲसिडची बचत आहे, तेवढीच म्हणा.

काळजी घ्यायच्या गोष्टी: धूर चिमणीतून काढताना आधी थंड करा, कारण त्यातलं पाणी गळतं आणि ते आम्लधर्मी असतं, साधं लोखंड वर्षभरात चाळणी होतं, स्टेनलेस वापरा. टाकी उघड्यावर ठेवा, बंद शेडमध्ये नको, आणि जवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. बर्नर नीट जळत नसेल तर तो वायू धुरात असतो आणि त्याला वास नसतो. टाकीत माणूस उतरवायचा असेल तर आधी लाइन ब्लाइंड करा, म्हणजे पाइपात पत्रा घालून ती पक्की बंद करा. वॉल्व्ह बंद आहे म्हणून उतरू नका. कन्सेंटमध्ये, म्हणजे कारखान्याच्या प्रदूषण परवान्यात, बदल दाखवावा लागेल का, हे एमपीसीबीच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, कार्यालयात आधी विचारा, काम झाल्यावर नको.

उरलेली हौस असेल तर ती गरम पाण्यावर भागवा. तुमचं साठ-सत्तर अंशाचं पाणी थेट गटारात जात असेल तर एका हीट एक्स्चेंजरने बॉयलरचं फीड तापेल, गॅस कमी जळेल. न जळलेल्या प्रत्येक घनमीटरमागे दोन किलो वायू तयारच होत नाही.

आधी एवढं करा: एक आठवडा ईटीपीच्या इनलेटचा पीएच दर तासाला वहीत लिहायला सांगा, रात्रपाळीतही, आणि शेजारी त्या तासाला किती सल्फ्युरिक गेलं ते. सोबत स्टॅकचा (चिमणीचा) ऑक्सिजन आणि तापमानाचा रिपोर्ट. हे आकडे इथेच टाका, मग ब्लोअर किती अश्वशक्तीचा आणि टाकी किती खोल ते सांगतो. टाकी दोन मीटरपेक्षा उथळ असेल तर आताच सांगा, बुडबुडे विरघळायच्या आत वर येतील आणि मग तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरऐवजी व्हेंच्युरी, म्हणजे पाण्याच्या झोतात वायू ओढून मिसळणारी नळी, लावावी लागेल.